पासिंगचा दिवस आणि उरलेले वर्ष

आमच्या भागात ‘पासिंग’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. गाडी कोणत्या जिल्ह्यात नोंदलेली आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर ‘कुठली पासिंग?’ असे विचारतात आणि ‘एमएच तेवीस’ असे उत्तर मिळाले की बीडची, हे समजून घेतात. दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. प्रवासी अथवा मालवाहू गाडी ठराविक मुदतीने परिवहन कार्यालयाकडे नेऊन, ती रस्त्यावर चालविण्यास योग्य असल्याचा दाखला मिळविणे, यालाही पासिंगच म्हणतात. कायद्याने या दाखल्यास ‘योग्यता प्रमाणपत्र’ असे भारदस्त नाव दिले आहे. परंतु कड्याच्या रस्त्यावर प्रवाशांची वाट पाहत उभा असलेला काळीपिवळीचा चालक ते नाव कधी उच्चारीत नाही. त्याच्या लेखी गाडी एक तर पास होते, नाही तर नापास होते. शिक्षकी पेशातील माणसाला ही परिभाषा जवळची वाटावी हे साहजिक आहे. मात्र थोडे खोलात गेल्यावर असे दिसते की, पासिंगने परीक्षेची केवळ परिभाषाच उचललेली नाही, तर आपल्या परीक्षापद्धतीचे बहुतेक दोषही त्याबरोबर उचलले आहेत.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे लोक ज्याला ‘छोटा हत्ती’ म्हणतात तसा एक लहान टेम्पो आहे. कधी नगरच्या बाजारात कांदा पोहोचविणे, लग्नसराईत मंडपाचे सामान नेणे आणि काहीच नसेल तेव्हा कडबा वाहणे, असा त्यांचा वर्षाचा व्यवसाय. गेल्या वर्षी एका रात्री मी उत्तरपत्रिका तपासत बसलो असता खाली अंगणात ठोकाठोक ऐकू आली. पाहतो तो टेम्पोला जॅक लावलेला, आणि शेजारी व त्यांचे मेहुणे मिळून चाके बदलत होते. मेहुण्यांची गाडी त्याच बनावटीची, पण नवी. तिचे चार टायर या गाडीला चढत होते. मला पाहून शेजारी जरा ओशाळले आणि म्हणाले, ‘सर, उद्या परीक्षा आहे गाडीची.’ दुसऱ्या दिवशी सायंकाळी गाडी पास होऊन परत आली. रविवारी मेहुण्यांचे टायर मेहुण्यांकडे गेले आणि गुळगुळीत झालेले जुने टायर पुन्हा आपल्या जागी बसले. नियमाप्रमाणे अशा चारचाकीच्या टायरवरील खाचेची खोली १.६ मिलिमीटरहून कमी असता कामा नये. त्या टायरवर खाच शोधावी लागली असती.

या प्रसंगावरून शेजाऱ्यांना दूषण देणे फार सोपे आहे. पण त्यांचा हिशेब मी ऐकला आहे. गाडीच्या कर्जाचा हप्ता महिन्याच्या महिन्याला जातो. तो चुकला तर वित्तपुरवठा करणाऱ्या कंपनीची माणसे दारात उभी राहतात. विम्याचा हप्ता आहे, कर आहे, डिझेल आहे. चार टायरचे पैसे एकदम काढायचे तर कांद्याचे भाडे बरे मिळाले पाहिजे, आणि ते कांद्याच्या भावावर अवलंबून. हप्ता न भरल्याची शिक्षा निश्चित आणि तात्काळ असते. टायर न बदलल्याची शिक्षा अनिश्चित आणि दूरची असते, शिवाय ती बहुतेक वेळा दुसऱ्यालाच भोगावी लागते. अशा स्थितीत माणूस कोणता खर्च पुढे ढकलील, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

तथापि अर्थशास्त्राने या प्रश्नाचा विचार केलेला आहे, आणि तो येथे उपयोगी आहे. आर्थर पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात, एखाद्या व्यवहाराचा जो खर्च तो व्यवहार करणाऱ्यावर न पडता त्रयस्थांवर पडतो, त्याची सविस्तर चर्चा केली. निकामी ब्रेकची गाडी हे त्याचे अगदी सरळ उदाहरण होय. ब्रेक दुरुस्त न केल्याने वाचलेले पैसे मालकाच्या खिशात राहतात. धोका मात्र सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला येतो, ज्याला त्या ब्रेकची गोष्ट ठाऊकही नसते. पुढे १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन एक प्रसिद्ध निबंध लिहिला. अमेरिकेत खोडी असलेल्या गाडीला बोलीभाषेत ‘लेमन’, म्हणजे लिंबू, म्हणतात. गाडीची खरी अवस्था विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे चांगल्या गाडीलाही वाईट गाडीचाच भाव येऊ लागतो आणि चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात, असे त्यांनी दाखविले. या विचाराच्या आरंभाबद्दल त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. वर्गात हे शिकविताना मी मुलांना काळीपिवळीचे उदाहरण देतो. ज्याने ब्रेक नवे घातले आणि ज्याने घातले नाहीत, त्या दोघांनाही प्रवासी तेच भाडे देतो, कारण ब्रेक प्रवाशाला दिसत नाहीत. दिसतात ते सीटचे आवरण आणि गाणी वाजविणारे यंत्र. म्हणून पैसा तेथे खर्च होतो. मुले हसतात, कारण ती त्याच गाडीने आलेली असतात.

म्हणजे जे प्रवाशाला दिसू शकत नाही ते त्याच्या वतीने कोणीतरी जाणत्याने पाहावे, हा पासिंगमागील मूळ हेतू आहे, आणि तो हेतू आपल्याकडे नवा नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या ३८ व्या कलमात योग्यता प्रमाणपत्राची तरतूद होती. आज अमलात असलेल्या १९८८ च्या कायद्यात ती ५६ व्या कलमात आहे. या कलमाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. परिवहन वाहनाजवळ वैध योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर त्या वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. म्हणजे मुदत संपलेली जीप ही कायद्याच्या दृष्टीने क्रमांक नसलेल्या जीपसारखीच होय, आणि तिला नोंदणीविना वाहन चालविल्याबद्दलचा दंड लागू होतो. कायद्यात तो पहिल्या गुन्ह्यास दोन ते पाच हजार रुपये आहे. अपघात झाल्यास विमा कंपनीला जबाबदारी झटकण्यासाठी एक सबब मिळते ती वेगळीच.

मुदतीविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. नव्या परिवहन वाहनास पहिले प्रमाणपत्र दोन वर्षांचे मिळते. त्यानंतर पूर्वी दरवर्षी नूतनीकरण करावे लागे. २०१८ च्या दुरुस्तीने वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत ते दोन वर्षांचे आणि आठ वर्षांनंतर एका वर्षाचे करण्यात आले. खाजगी मोटारीला अथवा मोटारसायकलला असे वार्षिक पासिंग नाही. तिची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच पाच वर्षांनी, तपासणी करून, वाढवून मिळते. रस्त्याच्या कडेला होणारी धुराची तपासणी, जिला सर्वजण ‘पीयूसी’ म्हणून ओळखतात, ती याहून निराळी. पीयूसीचा कागद असला म्हणजे गाडी सुरक्षित ठरली, असे मानणारे सुशिक्षित लोकही मला भेटले आहेत. त्या कागदाचा संबंध धुराशी आहे, ब्रेकशी नाही.

प्रत्यक्ष तपासणीत काय पाहतात? ब्रेक आणि हातब्रेक, स्टीअरिंग, टायर, पुढचे-मागचे दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, आरसे, परावर्तक पट्ट्या, वेगनियंत्रक, धूर. यांपैकी बहुतेक गोष्टी अनुभवी निरीक्षक डोळ्यांनी आणि हातांनी तपासू शकतो. ब्रेकचे तसे नाही. ठराविक वेग गाठून ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबते, हे पाहण्यासाठी सरळ, मोकळी आणि पुरेशी लांब जागा हवी. अशी जागा अनेक कार्यालयांपाशी नव्हतीच; आणि तरीही प्रमाणपत्रे दिली जात होती. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली ती याच प्रश्नावर. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायालयाने राज्य शासनाला विस्तृत निर्देश दिले. त्यांतील सर्वांत गाजलेला निर्देश २५० मीटर लांबीच्या चाचणीमार्गाचा. चाचणीमार्ग नसेल तेथे प्रमाणपत्र देता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. शासनाने मुदती मागितल्या, त्या संपल्या, आणि २०१७ च्या अखेरीस ज्या कार्यालयांपाशी असा मार्ग नव्हता तेथील नूतनीकरण थांबले. पुण्याच्या गाड्या दिवे घाट चढून दिव्याच्या चाचणीमार्गावर जाऊ लागल्या. पुढे २०१८ मध्ये तपासणीतील हलगर्जीबद्दल तीसहून अधिक निरीक्षक व साहाय्यक निरीक्षक निलंबित झाले. एका सामान्य नागरिकाच्या चिकाटीने एवढे घडले, ही गोष्ट आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात यायला हरकत नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. अपघात प्रामुख्याने चालकांच्या चुकीने होतात, गाड्यांच्या दोषाने नव्हे, तेव्हा पासिंगचे एवढे स्तोम कशाला, असे म्हणणारे आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात होऊन त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. महाराष्ट्रातील मृत्यू पंधरा हजारांवर होते. देशातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या सदरात नोंदलेले आहेत. हे आकडे नाकारण्याचे कारण नाही. परंतु अतिवेग हा काही निरपेक्ष आकडा नाही. ज्या वेगात चांगल्या ब्रेकची गाडी वळणाच्या आत थांबते, त्याच वेगात झिजलेल्या ब्रेकची गाडी वळणापलीकडच्या माणसाला जाऊन धडकते. आणि पंचनाम्यात दोन्ही ठिकाणी वेगच लिहिला जातो. शिवाय चालकाचा स्वभाव सुधारण्यास पिढी जाईल. टायर एका तासात बदलता येतो.

मग तपासणी विश्वासार्ह कशी व्हावी? या प्रश्नाला शासनाने दिलेले उत्तर यंत्राचे आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले. अशा केंद्रात गाडी रुळांसारख्या फिरत्या लाटांवर उभी करून प्रत्येक चाकाचे ब्रेकबल मोजतात. चाकांची ओढ, स्प्रिंगची अवस्था, दिव्याच्या झोताची दिशा, धूर आणि आवाज यांची नोंद यंत्रच करते व निकाल संगणकातून निघतो. आपल्या राज्यात नाशिक येथे अशा धर्तीचे तपासणी केंद्र या नियमांच्या आधीच उभे राहिले होते. हे केंद्र केवळ तपासणी करील, गाड्यांची दुरुस्ती अथवा सुट्या भागांची विक्री करणार नाही, अशी अट नियमांतच आहे, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. ब्रिटनमध्ये १२ सप्टेंबर १९६० पासून दहा वर्षांहून जुन्या मोटारींची वार्षिक तपासणी सुरू झाली. अर्नेस्ट मार्पल्स त्या वेळी वाहतूकमंत्री होते. पुढे ही मर्यादा १९६१ मध्ये सात आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आली. तेथे खाजगी मोटारही या तपासणीतून सुटत नाही. परंतु तपासणी करणारे गॅरेज बहुधा दुरुस्तीही करते, आणि म्हणून विनाकारण नापास करून काम काढल्याची तक्रार तेथे वर्षानुवर्षे ऐकू येते. त्याच्या मोबदल्यात एक मोठी सोय त्यांनी मिळविली आहे: तपासणीचे ठिकाण जवळपास प्रत्येक गावात असते.

आपण नेमके उलट केले. तपासनीस आणि दुरुस्ती करणारा यांना वेगळे ठेवले, पण केंद्र दूर ठेवले. स्वतंत्र तपासनीसाचे महत्त्व आम्हां कडेकरांना नुकतेच अनुभवास आले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये नगर ते न्यू आष्टी या मार्गावर रेल्वे धावू लागली आणि कड्याला रेल्वेस्थानक मिळाले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी हीच वाट बीडपर्यंत खुली झाली. या मार्गाचा कोणताही टप्पा प्रवाशांसाठी खुला होण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी व्हावी लागते. आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. ज्याचे काम तपासायचे त्याच्या हुकमतीत तपासनीस असू नये, हे तत्त्व रेल्वेने एवढे काटेकोरपणे पाळले आहे. पण रेल्वेची तपासणी रुळापाशी येते. टेम्पोला मात्र तपासणीपाशी जावे लागते.

आणि या जाण्याचा खर्च आहे. कड्याला बाजार, दवाखाना, उच्च शिक्षण यांसाठी नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, जवळ पडते; बीड दूर. पण गाडीची नोंद बीडच्या दप्तरी. पासिंगच्या दिवशी जाण्यायेण्याचे डिझेल, दिवसभराचा बुडालेला धंदा, आणि काही कमी पडून गाडी परत पाठविली गेली तर हे सारे पुन्हा. शुल्क सरकारी पावतीवर दिसते. हा दुसरा खर्च कोणत्याच पावतीवर दिसत नाही, आणि लहान मालकाला तोच अधिक जाचतो. मध्यस्थाचा जन्म येथेच होतो. ‘तुम्ही फक्त गाडी घेऊन या, बाकीचे मी पाहतो’, असे म्हणणारा मनुष्य खरे तर पुन्हा येण्यापासूनची सुटका विकत असतो. केंद्र जितके दूर तितका त्याचा भाव अधिक. माझ्या मते प्रामाणिकपणावर याहून मोठा कर नाही.

शुल्काच्या बाबतीतही धोरणाची दिशा मला पटत नाही. प्रमाणपत्राचे नूतनीकरण लांबल्यास दर दिवसाला ५० रुपये अतिरिक्त आकारण्याचा नियम होता. २०२४ मध्ये राज्यात त्याची वसुली सुरू होताच रिक्षा व टेम्पोचालकांनी आंदोलने केली आणि शासनाला ती स्थगित करावी लागली. नंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या तपासणीचे शुल्क वयानुसार पुष्कळ वाढविले. वीस वर्षांवरील अवजड वाहनास ते २५,००० रुपयांवर गेले. जुन्या गाड्या रस्त्यावरून हटाव्यात हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु ज्याच्याकडे वीस वर्षांचा ट्रक आहे तो हौसेने जुना ट्रक बाळगत नाही. नवा घेणे त्याला परवडत नाही. तपासणीच महाग केली, तर असा मालक गाडी मोडीत काढण्याऐवजी तपासणी टाळून, आडवाटेने आणि रात्री ती चालवील, ही शक्यता अधिक. महाग करायचे तर तपासणी चुकविणे महाग करावे. तपासणी स्वतः स्वस्त आणि जवळ हवी.

आतापर्यंत ज्या गाड्यांना पासिंग आहे त्यांच्याविषयी लिहिले. पण आमच्या तालुक्याचे खरे दुःख ज्यांना ते नाही अशा वाहनांत आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादमाने पाठविलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, म्हातारी माणसे आणि त्यांच्यावर मुले, असे अख्खे बिऱ्हाड रात्रभर प्रवास करते. शेतीसाठी म्हणून नोंदलेला ट्रॅक्टर नियमाने परिवहन वाहन समजला जात नाही; त्यामुळे त्याला वार्षिक पासिंग नाही. तो शेतात नांगर ओढतो हे गृहीत धरून केलेला तो नियम आहे. प्रत्यक्षात हंगामाचे कित्येक महिने तो दोन दोन ट्रॉल्या ओढत राज्यमार्गावर असतो. ट्रॉलीच्या मागे दिवा नसणे, असला तर तो उसाखाली झाकून जाणे, परावर्तक पट्टी चिखलाने भरलेली असणे, ही दृश्ये ज्याने रात्री नगर-जामखेड रस्त्याने प्रवास केला आहे त्याला सांगावी लागत नाहीत. समोरून येणाऱ्या गाडीच्या झोताने डोळे दिपलेले असताना अंधारात उभी असलेली ट्रॉली मोटारसायकलस्वाराला दिसते ती शेवटच्या क्षणी. पिगूंनी सांगितलेला त्रयस्थ येथे केवळ रस्त्यावर नाही. तो ट्रॉलीतच बसलेला आहे, आणि उचल घेतलेली असल्यामुळे खाली उतरण्याचे स्वातंत्र्यही त्याला नाही.

हे सर्व वाचून वाचक विचारतील की, आम्ही काय करावे? प्रथम गाडीमालकांपुरते सांगतो, कारण आमच्या पुष्कळ शिक्षक-कारकुनांच्या घरी भावाची नाही तर मेहुण्याची एखादी जीप असते. प्रमाणपत्रावरील मुदतीची तारीख आधी पाहावी. नूतनीकरणाचा अर्ज, शुल्क आणि तपासणीची वेळ हे आता ‘परिवहन’ या शासकीय संकेतस्थळावरून होते. आपल्या नोंदणी कार्यालयाच्या हद्दीत स्वयंचलित केंद्र कार्यान्वित झाले असेल तर तेथेच जावे लागते. नसेल तर कार्यालयातील निरीक्षकाकडे. स्वयंचलित केंद्रांच्या सक्तीच्या तारखा अनेकदा पुढे ढकलल्या गेल्या आहेत, म्हणून गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबून निघू नये. निघण्यापूर्वी कार्यालयाकडे चौकशी करावी. परिवहन कार्यालये तालुक्याच्या गावी शिबिरेही घेतात व त्यांचे वेळापत्रक जाहीर करतात, परंतु प्रत्येक शिबिरात प्रत्येक काम होतेच असे नाही. नोंदणीपुस्तक, विमा, पीयूसी, कर आणि परवाना यांचे कागद चालू मुदतीचे असल्याची खात्री घरीच करावी. पुष्कळांची खेप ब्रेकपायी नव्हे तर विम्याच्या तारखेपायी वाया जाते. आणि गाडी नापास झालीच, तर कारणे लेखी मागावीत. प्रमाणपत्र नाकारताना कारणे लेखी देणे ५६ व्या कलमाने बंधनकारक केले आहे. लेखी कारण हातात असले म्हणजे गॅरेजवाल्याला नेमके काय करायचे ते सांगता येते आणि मध्यस्थाच्या अंदाजावर पैसे घालवावे लागत नाहीत.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्या हातीही एक साधन आहे. ‘एम-परिवहन’ या शासकीय अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक घातला की तिच्या योग्यतेची मुदत दिसते. मी ज्या जीपने अधूनमधून प्रवास करतो तिचा क्रमांक एकदा सहज घालून पाहिला, तर मुदत संपून दोन महिने झाले होते. चालकाला विचारले. तो मोकळेपणाने म्हणाला, ‘नेतो की सर पुढच्या आठवड्यात. पण त्या दिवशी तुम्ही कशाने जाणार?’ मला उत्तर देता आले नाही आणि मी त्याच गाडीत बसलो. कबूल केलेले बरे. एकट्या प्रवाशाच्या जागरूकतेला एवढीच मर्यादा असते. नंतर ती गाडी पास झाली, हे मी त्याच अ‍ॅपवर पाहिले.

शाळेचे मात्र तसे नाही. महाराष्ट्रात शालेय बसविषयक नियम २०११ मध्ये झाले. त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते, तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो, आणि मुलांची ने-आण करणाऱ्या वाहनांची कागदपत्रे पाहणे हे तिचे काम आहे. किती शाळांतून ही समिती वहीबाहेर अस्तित्वात आहे, हे वाचकांतील शिक्षकांनी स्वतःशीच ताडून पाहावे. मुलांच्या गाड्यांचे क्रमांक, योग्यतेची मुदत, विम्याची मुदत आणि टायरची अवस्था, एवढ्या चार रकान्यांची यादी जूनमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर एकदा करायला एका लिपिकास एक दुपार लागते. प्रवासी एकटा असताना चालकाचा प्रश्न त्याला निरुत्तर करतो. चाळीस मुलांच्या वतीने बोलणाऱ्या समितीला तोच चालक वेगळे उत्तर देतो.

ऊसतोडीच्या वाहनांसाठी कायदा बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दसऱ्यापूर्वीच्या पंधरवड्यात, आष्टी आणि कडा येथे, परिवहन विभाग, साखर कारखाने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी मिळून दोन दिवसांचे शिबिर घ्यावे. प्रशिक्षण संस्थांत मोटार आणि ट्रॅक्टर यांत्रिकीचे विद्यार्थी असतात. ब्रेक, दिवे, जोडपिन आणि टायर तपासून ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्ट्या चिकटविणे हे त्यांच्या अभ्यासक्रमाच्या आवाक्यातले काम आहे. त्याला प्रमाणपत्राचा मान नसेल. आमच्याकडे वार्षिक परीक्षेपूर्वी पूर्वपरीक्षा असते तशी ती असेल, आणि पूर्वपरीक्षेत कोणी उसने टायर लावून येत नाही, कारण तेथे नापास झाल्याने काही बिघडत नाही. पट्ट्यांचा खर्च कारखान्यांनी करावा. जो कारखाना उसाच्या वजनासाठी काट्याशी प्रत्येक ट्रॉली थांबवितो, त्याला त्याच काट्याशी ट्रॉलीचा मागचा दिवा लागतो की नाही हे पाहण्यास वेगळा माणूस नेमावा लागणार नाही.

आमच्या शेजाऱ्यांच्या टेम्पोला येत्या फेब्रुवारीत आठ वर्षे पूर्ण होतात. यापुढे त्यांना दरवर्षी पासिंग. परवा ते माझ्याकडे मुदतीचे गणित समजून घ्यायला आले होते. चार नव्या टायरसाठी महाविद्यालयाच्या पतसंस्थेतून कर्ज मिळेल काय, असेही विचारत होते. ते सभासद नाहीत, त्यामुळे मिळणार नाही. मी जामीन राहून दुसरीकडे प्रयत्न करतो असे सांगितले आहे.